भोजराजचं जपानी झाड

"अंबाडी असून आंबट लागून नाही राहिली वो," सासूबाई पळीतला रस चाखत म्हणाल्या. "म्हणून चिंच टाकली."

रुख्मिणी तळ्यावरून नुकतीच परतली होती. डोक्यावरची घागर अजून उतरली नव्हती.

"कोन्ती अंबाडी, माय?"

"तेच, अंगणात कुंडीत लावली ते. किती जून होऊ दिली! दांडे मनगटावानी झाले. कोवळी हाये तवाच तोडावं ना, बाई."

घागर कशी उतरवली ते रुख्मिणीलाच कळलं नाही. ती अंगणात धावली. सकाळी हिरवंगार डुलत असलेल्या झाडाच्या जागी आता नुसत्या काटक्या उभ्या होत्या. शेंड्यावरचं एक पानसुद्धा सासूबाईंनी सोडलं नव्हतं.

ते झाड म्हणजे तिच्या नवऱ्याचा जीव की प्राण. भोजराज तांदूळ घेऊन कलकत्त्याला गेला होता आणि येताना कुंडी मांडीवर धरून रेल्वेनं आला होता. जपानी मेपल आहे, असं त्यानं कामठा गावात घरोघरी जाऊन सांगितलं. पान कसं, तर पसरलेल्या पंज्यासारखं. झाडाला सवय थंड मुलखाची. दुपारचं ऊन लागलं की पानांच्या कडा करपायच्या, मुळं तापली की झाड रुसून बसायचं. म्हणून कुंडीभोवती ओलं पोतं, वर तट्ट्याची सावली आणि प्यायला माठात निवलेलं पाणी. भादव्याच्या उन्हात तर भोजराज झाडाला सुपानं वारा घालत बसला होता. तेव्हा रुख्मिणी म्हणाली होती, "मले तं लगन झाल्यापासून असा वारा कोनी नाही घातला, जी!"

सासूबाई पावसाळाभर लेकीच्या बाळंतपणासाठी केशोरीला होत्या. थंडी सुरू झाली आणि आज सकाळीच त्यांची बैलगाडी दारात थांबली. भोजराज तेव्हा गोंदियाला निघून गेला होता. जाताना बायकोला बजावून गेला होता, "पाहजो बरं. झाड तुह्या भरवशावर सोडून चाललो. दुलीचंदले जेवाले घेऊन येतो. आज त्याचं तोंड बंद करतो."

दुलीचंद गोंदियाचा धान गिरणीवाला. गुलाब लावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यानं या झाडाचं एक पान हातात घेतलं होतं आणि भर बाजारात खदखदून हसला होता. "अरे भोजराज, कलकत्तेवाले ने तुझे अंबाडी बेच दी!" त्या दिवसापासून लोक भोजराजला रामराम करायच्या आधी अंबाडीची खुशाली विचारत.

हे सगळं रुख्मिणीनं एका दमात सांगितलं. सासूबाई मटकन ओट्यावर बसल्या.

"झाड होय ते? मंग पान अंबाडीवानी काऊन?"

"आता त्याहीले का सांगू मी, माय? भरवशावर ठेवून गेले होते."

सासूबाईंनी डोकं खाजवलं. "परसातली खरी अंबाडी आनू. दोऱ्यानं एकेक पान बांधून टाकू."

"म्हनजे दुलीचंदभाऊचंच खरं होईल!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी सासूबाईंचं पोट हललं. मग रुख्मिणीच्या नाकातून हसू फुटलं. रडायची वेळ होती, पण दोघी पदर तोंडात कोंबून, एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटल्या. तेवढ्यात फाटक वाजलं.

भोजराज आत आला, मागोमाग दुलीचंद. भोजराज कुंडीपाशी थबकला. रुख्मिणीचं हसू जागच्या जागी थिजलं.

"पडली!" भोजराज ओरडला. "दुलीचंद, पाहून घे! सारी पानं पडली!"

आणि तो चक्क नाचू लागला. कुंडीभोवती गिरक्या घेत त्यानं आईच्या पायांना हात लावला, मग चुकून बायकोच्याही पायांकडे वाकला.

"कलकत्त्याच्या माळ्यानं हेच तं सांगलं होतं. थंडी लागली का हे झाड सारी पानं टाकते. नाही पडली तं कोनी हसन म्हणून मी बोललो नाही. रोज सकाळी खाली वाकून पाहत होतो, एक तरी पडलं का. अंबाडी अशी पानं टाकते का रे? आता बोल!"

दुलीचंद उकिडवा बसला. फांदी बोटांत धरून त्यानं निरखून पाहिलं. जिथून पान गेलं होतं तिथं बारीक लाल डोळा फुटायच्या तयारीत बसला होता. एक नव्हे, प्रत्येक पेरावर. रुख्मिणीनंही वाकून पाहिलं आणि तिच्या छातीवरची धोंड उतरली. झाड जिवंत होतं.

दुलीचंदनं दोन्ही कान पकडले. "हार गया, भाई. असली जपानी है."

पाटावर बसून तो जेवला, तेही आडवा हात मारून. "भाभी, भाजी और देना. ऐसा स्वाद कभी चखा नहीं." मग घास हातातच ठेवून त्यानं अंगणाकडे मान वळवली. "लेकिन भोजराज, पत्ते गिरे, तो गए कहाँ? एक भी नहीं दिखता."

रुख्मिणीच्या हातातली पळी हवेतच थांबली.

"अंगनात पानं पडू देत असते का कोनी?" सासूबाई फणकारल्या. "म्या सकाळीच सारी गोळा केली."

"वाह, अम्मा!" म्हणत दुलीचंदनं घास तोंडात घातला.

भोजराजची छाती फुगली होती. "माय, आता आनखी दोन झाडं आनतो मी."

"दोनानं का होते?" सासूबाई म्हणाल्या. "पाच तरी आन. पावने आले तं पुरत नाही."