तालमीच्या दारातली फरशी

तालमीच्या दारातली फरशी तळपायांवरचा भार मोजायची. तोल कच्चा निघाला की दार उघडायचंच नाही. आजारपणात तोल गेल्यापासून सहा महिने हिंदुराव वस्ताद स्वतःच्याच तालमीबाहेर बसून होते. सून वैजयंता रोज त्यांच्या पोटऱ्या ताणायची, तळवे रगडायची. "आबा, हवं तेवढं ओरडा, पण पाय ओढून घेऊ नका!"

आज ते अनवाणी फरशीवर उभे राहिले. एक पाय उचलून, जराही न डगमगता, त्यांनी खणखणीत शड्डू ठोकला.

"तोल पक्का," फरशी बोलली. दार उघडलं.

वैजयंता पायरीखालीच थांबली. बाईनं तालमीत शिरायचं नाही, हा आबांचाच नियम होता.

आबा वळले. "बाहेर बसणं काय असतं, ते आता कळलं गं पोरी. चल, मातीत पहिला पाय तुझा!"