पाणी येतंय का?

“ओढू नका हो गोटीरामभाऊ. ओढून बसवलेलं रबर महिन्याभरात आखडतं. अंगठ्यानं दाबत दाबत न्यायचं.”

“हं,” गोटीराम म्हणाले आणि डिकीच्या काठावरून अंगठा सावकाश पुढे सरकवू लागले.

इंदिरानगरातल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाळाजींची शहात्तर सालची फिएट उभी होती. गेल्या पावसाळ्यात ते एकटेच इगतपुरीला जाऊन आले, तेव्हा डिकीतली स्टेपनी घोटाभर पाण्यात बसून आली होती. म्हणून हे नवं रबर. मन लावून केलं तर एका दुपारचं काम, पण बाळाजींनी ते पाच दिवस पुरवलं होतं. पहिल्या दिवशी जुनं रबर काढलं. दुसऱ्या दिवशी वाळलेला चिकटा खरवडला. तिसऱ्या दिवशी तोच चिकटा पुन्हा खरवडला, कारण म्हणे तो नीट निघाला नव्हता. चौथ्या दिवशी नवं रबर मऊ व्हावं म्हणून उन्हात ठेवलं आणि त्याची राखण करत दोघं चहा प्यायले.

बाळाजींच्या बायकोला, मंजुषाला, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी मृण्मयी बंगळुरूला. रविवारी तिचा फोन येई. सोमवार ते शनिवार बाळाजी टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत. त्यांना शेजारी बसायला माणूस हवा होता, एवढं साधं होतं ते. पण कारखान्यात तीस वर्षं साहेबकी केलेला माणूस ‘मला करमत नाही, येऊन बसा’ असं कुणाला म्हणणार? त्यापेक्षा ‘डिकी गळते, जरा हात लावता का’ म्हणणं सोपं.

गोटीराम हे चौथ्या मजल्यावरच्या किशोरचे वडील. मखमलाबादला जन्मभर गुलाब पिकवले, आता मुलाकडे राहायला आले होते आणि दिवसभर पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसत. बोलणं जेमतेम. विचारलं तर ‘हं’, नाही विचारलं तर तेही नाही. भिडेखातर येत असतील बिचारे, असं बाळाजींना वाटे. रबर बसलं की ‘सुटलो एकदाचा’ म्हणतील आणि परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसतील. त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकायला मग आपल्याकडे काही कारणच उरणार नाही.

अकराच्या सुमाराला रबराची दोन्ही टोकं खाली कुलपापाशी जुळली.

“झालं म्हनायचं,” गोटीराम हात पुसत म्हणाले.

“झालं कसं? पाण्याची परीक्षा राहिली की!”

खरं तर रबर बसलंय की नाही, हे बघायची सोपी युक्ती आहे. कागदाची पट्टी मध्ये ठेवून डिकी लावायची आणि पट्टी ओढून बघायची. अडकली की काम फत्ते. पण त्याला दुसरा माणूस लागत नाही, म्हणून ती युक्ती बाळाजींनी सांगितलीच नाही. पाण्याच्या परीक्षेला दोघं लागतात. एकानं बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं. मृण्मयी लहान असताना तीच आत बसायची. आता डिकीत मावेल असा सडपातळ माणूस सोसायटीत एकच होता.

“बसाल का आत? किल्ली माझ्या हातातच आहे. आवाज दिलात की उघडतो.”

गोटीरामांनी डिकीकडे पाहिलं. मग कुणाच्या घरात शिरावं तशा चपला बाहेर काढल्या आणि हातात बॅटरी धरून, गुडघे पोटाशी घेऊन आत बसले. बाळाजींनी झाकण लावलं.

पाणी सुरू झालं. बाळाजींनी हळूहळू धार सगळ्या काठावरून फिरवली. देवाकडे त्यांनी आजवर पुष्कळ मागितलं होतं, पण ‘डिकी गळू दे’ असं पहिल्यांदाच मागत होते. एक थेंब पुरे होता. एका थेंबावर आणखी दोन दिवस सहज निघाले असते.

“पाणी येतंय का?” त्यांनी झाकणावर टकटक करून विचारलं.

त्यांनी धार पुन्हा फिरवली.

“गोटीरामभाऊ, येतंय का?”

बाळाजींनी झाकणाला कान लावला.

“येतंय!” आतून आवाज आला. “डाव्या कोपऱ्यातून. लय येतंय!”

बाळाजींनी घाईघाईनं झाकण उघडलं. गोटीराम बाहेर आले, कंबर सरळ केली, चपला घातल्या.

“समदं रबर परत काढाया लागंल बघा,” ते म्हणाले. “घाई करून नाय भागायचं. मी येतो उद्या धाला. आन् परवा बी मोकळाच हाय.”

पाच दिवसांत एका दमात ते एवढं कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर बाळाजींकडे न बघताच लिफ्टकडे चालू लागले.

बाळाजींचं मन हलकं झालं, पण आतला इंजिनियर स्वस्थ बसेना. पाच दिवस बसवलेलं रबर गळालं कसं? त्यांनी बॅटरी उचलली आणि डिकीत वाकून डाव्या कोपऱ्यात हात घातला. मग उजव्या कोपऱ्यात. मग चटई वर करून तिच्याखाली.

डिकी कोरडी ठणठणीत होती.