सवतीचा अंगठा

आमच्या मालकांची पहिली बायको मनकर्णा. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तरी बेलापुरात बँकेच्या कागदावर बायको म्हणून तीच होती. मालकांचा कारखान्याचा पगार एका खात्यातून घरच्या खात्यात वर्ग करायचा, तर बायकोचा अंगठा जुळावा लागे; म्हणून तीन वर्षं पैसे तिथंच अडकून होते. मालक तो ठसा बदलतच नव्हते. शेवटी मी भांडून भांडून त्यांना बँकेत नेलं.

दानीएल कारकुनानं जुना कागद काढला. मनकर्णाच्या ठशात मधोमध आडवी रेघ होती.

"विळा लागला हुता तिला," मालक म्हणाले, आणि त्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं. माझ्या हाताला त्यांनी असा कधी हात लावला नव्हता.

"फाडा तो कागद," मी म्हणाले. "आता बायको मी हाय."

कारकुनानं माझा डावा अंगठा शाईत दाबून कोऱ्या कागदावर टेकवला. ठसा उमटला. मधोमध आडवी रेघ.

मी अंगठा पदराला खसाखसा पुसला. कातडी साफ होती, साधा ओरखडा नव्हता.

"शाईत केस असंल," म्हणत त्यानं दुसरं पॅड आणलं. पुन्हा रेघ.

त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. "नवा कागद कशाला मग? जुळतोय की!"

मालकांनी माझा हात हातात घेतला, लग्नानंतर पहिल्यांदा. जिथं काहीच नव्हतं, तिथं बोट फिरवत त्यांनी विचारलं,

"अजून दुखतंय का गं, मनू?"