दोह्यातलं डबडं

दोहा शहरातल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या प्रेक्षकांना खुर्ची शोधून देणारं सिमोनाचं अ‍ॅप तिच्या तडा गेलेल्या जुन्या फोनवर सात वेळा उघडून बंद केलं की फोन तव्यासारखा तापायचा, आठव्यांदा अ‍ॅप कोसळायचं. “हे डबडं भंगारात टाक, उद्या डेमो आहे,” गिरीशसर वैतागले. “सगळेच नवे फोन घेऊन येणार नाहीत, सर,” सिमोना अडून बसली. दुपारी नवऱ्याचा फोन आला: बिन महमूद भागातला भाड्याचा फ्लॅट सोडताना त्यानं चावी आधी परत केली, आणि वसईहून आणलेली विळी आतच राहिली. भडकता भडकता ती थबकली. अ‍ॅपही हेच करत होतं: बंद होताना स्क्रीन आधी सोडायचं, मग नकाशाची चित्रं मेमरीतच अडकायची. तिनं क्रम बदलला. पन्नास वेळा अ‍ॅप उघडलं, मिटलं. सरांनी फोन गालाला लावला. गारेगार! “यल्ला, चला, उद्या डेमोला हे डबडंच नेऊया!”