हळदीतली घुंगरं

पडेगावच्या स्टुडिओत प्रांजली लग्नांचे व्हिडिओ कॉम्प्युटरला लावून द्यायची. गोंगाट काढायचे, चेहरे उजळायचे फिल्टर आपोआप चालायचे.

गावातल्या मल्हाररावांच्या लेकीच्या हळदीच्या व्हिडिओतला गोंगाट गेला आणि खाली बारीक घुंगरं उरली. पडद्यावर पाहुणे नाचता नाचता मधोमध वाट सोडत होते. त्या वाटेनं कुणीच जात नव्हतं.

व्हिडिओ न्यायला आलेली नवरीची आजी, राजाबाई, ऐकून हसली. "आमचीच मेंढरं, गळ्यात घुंगरं बांधलेली. दुष्काळात समदी गेली."

प्रांजलीनं घाईनं कॉम्प्युटर बंद केला. घुंगरं वाजतच राहिली, आता दाराशी.

राजाबाईनं तिला हाताला धरून बाजूला ओढलं. "वाट दे, बाई. लई लांबून आलीत."

प्रांजलीच्या पोटरीला उबदार लोकर घासून गेली. मग आणखी एक.