आधी पाणी

"बसा. आधी पाणी प्या," अतिदक्षता विभागाबाहेरच्या यंत्रातून हेमलता सिस्टरांचाच आवाज आला.

सव्वीस वर्षं या दवाखान्यात मृत्यूची बातमी नातेवाइकांना त्याच सांगत. आधी पेला हातात देऊन, मगच. पुढे विमा कंपनीने अट घातली, गावातल्या इतर दवाखान्यांनी बातमी सांगणारं यंत्र बसवलं. "आम्हाला कुठं हौस आहे, सिस्टर? पण मागं राहून चालत नाही," म्हणत इथल्या विश्वस्तांनीही बसवलं. आवाज सिस्टरांचा भरला.

"श्रीधर खांडेकर गेले," यंत्र म्हणालं.

श्रीधर हे सिस्टरांचे यजमान. यंत्रासमोर उभ्या सिस्टरांनी नुसती मान हलवली. सांगणं नीट झालं होतं. मग सवयीने त्यांनी माठातून पेला भरला आणि तो देण्यासाठी मृताचे नातेवाईक शोधू लागल्या.