लोखंडी जिना

"काका, यंत्र बिघडलेलं नाही," दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणारा माउंट तपासून परवीन म्हणाली. "ते कुणाची तरी वाट बघतंय."

दिगंबररावांना कळेना. रोज जेवणानंतर काढलेल्या एका फोटोत तारे ठिपक्यांऐवजी रेघा होऊन येत होते, म्हणून तर त्यांनी तिला बोलावलं होतं.

"हे नवे माउंट घरातल्यांची पावलं शिकतात. हादरा बसायच्या क्षणी दुर्बीण उलटी सरकवतात, म्हणजे तारा जागचा हलत नाही. रोज या वेळी कुणीतरी जिना चढून येतं, हे याला पाठ झालंय. डावा पाय जरा जड. आता कुणी येत नाही, तरी हे दुर्बीण सरकवतंच, म्हणून रेघा."

शांताचा, त्यांच्या बायकोचा, दुखरा गुडघा. ती होती तोवर रोज चहा घेऊन वर गच्चीवर यायची आणि लोखंडी जिना थरथरायचा. "तुझ्यामुळे तारे हलतात," असं ते कुरकुरायचे. "मग तारे प्या," ती म्हणायची. शेवटी तिचं येणं थांबू नये म्हणून त्यांनी हा माउंट आणला.

"ही पावलं याच्यातून पुसून टाकू? मिनिटाचं काम आहे."

"थांब जरा."

ते खाली गेले. चहा केला आणि वेळ होताच दोन कप घेऊन, डाव्या पायावर भार देत जिना चढले.

परवीन पडद्याकडे बघत होती. "काका, तारे गोल आले!"

दिगंबररावांनी मायेनं माउंटवर हात ठेवला.

"अहो, हात नका लावू, हलेल!"

त्यांनी हसून हात काढला आणि एक कप तिला दिला. "राहू दे पोरी, पुसू नकोस. चहा मी रोज आणत जाईन."